हेर्मोदुरला दिलेला शब्द

हेल्लाफ्योर्ड, २८ जानेवारी १९७९

प्रिय बाबा,

सुका मासा आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे जरा घट्ट होतात, पण ते मावशीला सांगू नका.

फोन करत जा, असं तुम्ही म्हणता. इथला फोन म्हणजे सगळ्या फ्योर्डची, खाडीच्या दोन्ही काठांची मिळून एकच तार. मी ‘हॅलो’ म्हटलं की पाच-सहा घरांतले रिसीव्हर उचलल्याचे आवाज येतात. एकदा मला सर्दी झालेली दुसऱ्या काठावरच्या म्हातारीला माझ्याआधी कळली होती. आणि आज जे सांगायचंय ते तर मुळीच तारेवरून सांगण्यासारखं नाही.

काल मी जुन्या रीतीवाल्यांच्या, ख्रिस्ताआधीचे देव मानणाऱ्यांच्या, हिवाळी मेजवानीला गेले होते. बसलात ना खुर्चीवर? मग वाचा पुढे.

त्यांचा पुजारी थोरगिल्स. पलीकडच्या काठावर तुंगा नावाच्या वाडीवर मेंढ्या पाळतो. तो स्वतः मला बोलवायला आला. म्हणाला, “पाळकबाई, तुम्ही रविवारी आमच्याबद्दल बोलता असं ऐकलं. एकदा बघून तरी जा, म्हणजे नीट बोलता येईल.” आता यावर नाही कसं म्हणणार?

मला वाटलं होतं, अंगावर कातडी पांघरलेले दाढीवाले असतील, आरडाओरडा असेल. प्रत्यक्षात पंधरा-वीस माणसं, झाडून काढलेल्या गोठ्यात बाकांवर बसलेली. आपल्या दवाखान्यातल्या दोन नर्सा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, मासळीच्या कारखान्यातल्या काही बायका. थोरगिल्सच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी गडगडाटाच्या देवाचं, थोरचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं, ओडिनचं घेतलं, जुनी कवनं म्हटली. मग मधाच्या दारूनं भरलेलं शिंग फिरलं. पहिला फेरा देवांसाठी. दुसरा गेलेल्या माणसांसाठी. तिसऱ्या फेऱ्यात ज्यानं त्यानं काही शब्द द्यायचा. बसच्या ड्रायव्हरनं दारू सोडण्याचा शब्द दिला आणि त्या शब्दावर घसघशीत घोट घेतला. सगळे पोट धरून हसले. पण वसंतातल्या मेजवानीला त्याला उभं करून विचारणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

दुसऱ्या फेऱ्यात हेर्मोदुरकडे शिंग आलं. हा म्हातारा पूर्वी होड्या बांधायचा. आता फुप्फुसं गेली आहेत. त्याला ट्रॅक्टरमागच्या गाडीत घोंगड्यांमध्ये गुंडाळून आणलं होतं. शिंग धरून तो एकच शब्द बोलला, “बेर्सी.” सगळ्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला. बेर्सी त्याचा मुलगा. समुद्रात गेला.

माझ्याकडे शिंग आलं तेव्हा काय करावं कळेना. थोरगिल्स म्हणाला, “बाई, नुसतं धरलंत तरी चालतं. जड आहे, हाताला जरा व्यायाम.”

निघताना मी त्याला सरळच विचारलं, “खरंच थोर आहे असं वाटतं तुम्हाला?”

“ढग गडगडलेले ऐकू येतात ना तुम्हाला?” तो म्हणाला. “मग हाक मारायला काहीतरी नाव नको?”

माझं मत विचाराल तर हे नाटक आहे. मनापासून केलेलं, पण नाटकच. मला त्यांची भीती वाटत नाही. तुम्हीही काळजी करू नका.

तुमची,
राग्ना


अकुरेरी, ७ फेब्रुवारी

प्रिय राग्ना,

तुझं पत्र वाचताना माझी कॉफी गार झाली. पुन्हा गरम केली, पुन्हा वाचलं, पुन्हा गार झाली.

गोठ्यात बसून शिंगातून दारू पिणं याला धर्म म्हणायचं असेल, तर आमचं सगळं बंदर शनिवारी अत्यंत धार्मिक असतं. तू त्यांना हसली नाहीस हे बरं केलंस. पण तू तिथे गेलीसच का? तुझ्या चर्चच्या मंडळीनं एका बाईला पाळक म्हणून कसं नाक मुरडत स्वीकारलं ते विसरलीस? तो दुकानदार ओड्डुर, तुमच्या चर्च समितीचा अध्यक्ष, तुझ्या पहिल्या उपासनेला घड्याळ हातात घेऊन बसला होता म्हणून तूच लिहिलं होतंस. अशा माणसाला आयतं निमित्त कशाला?

चाळीस वर्षं मी पाळकाचं काम केलं. प्रेतात्म्यांशी बोलणारे पाहिले, उडत्या तबकड्यांतून कुणी येणार म्हणून डोंगरावर जाऊन बसलेले पाहिले. ही माणसं नव्या कशावर विश्वास ठेवत नसतात, पोरी. ती आपल्यावर रुसलेली असतात. रुसवा ओसरला की येतात परत. दार उघडं ठेव. पण तू स्वतः दाराच्या आत राहा.

मोज्यांचं मावशीला सांगितलं. नवे विणतेय.

तुझा,
बाबा


हेल्लाफ्योर्ड, २० फेब्रुवारी

प्रिय बाबा,

हेर्मोदुर काल सकाळी गेला. घरीच, आपल्या बिछान्यात.

त्याची बायको साल्व्हर चर्च कधी चुकवत नाही. तिनं लगेच निरोप पाठवला. दफनविधी चर्चमध्ये व्हायला हवा आणि कबर आपल्या आवारातच हवी. तिच्यापाठोपाठ थोरगिल्स आला. टोपी काढून स्वयंपाकघरात बसला, साखरेचा खडा दातांत धरून दोन कप कॉफी प्यायला आणि म्हणाला, “चर्च तुमचं, प्रार्थना तुमच्या. तुमचं सगळं झाल्यावर कबरीपाशी मला चार शब्द बोलू द्या.”

मी ‘हो’ म्हटलं.

तुमचा चेहरा दिसतोय मला. पण हेर्मोदुर रुसला कशावरून, ते मला आता कळलंय. ऐका. नऊ वर्षांपूर्वी बेर्सीची होडी फ्योर्डच्या तोंडाशी काळ्या खडकावर फुटली. तो सापडलाच नाही. बावीस वर्षांचा होता. त्याच्या स्मरणाच्या उपासनेत तेव्हाचे पाळक म्हणाले, “देवाला त्याची गरज होती, म्हणून त्यानं बोलावून घेतलं.” हेर्मोदुर बाकावरून उठला. “त्याच्याकडे काय माणसं कमी पडली होती?” एवढं बोलून चालू लागला. पुन्हा चर्चची पायरी चढला नाही.

थोरगिल्सकडे त्याला काय मिळालं, ते मी विचारलं. थोरगिल्स म्हणाला, “काही नाही. आमच्या देवांकडे द्यायला असतंच काय? तेही मरतात. त्यांची पोरं मरतात, तेव्हा तेही रडतात. फक्त ‘हे तुझ्या भल्यासाठीच झालं’ असं सांगायला ते कुणाच्या दारी येत नाहीत.”

मला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

चर्च समितीची बैठक झाली. ओड्डुर टेबलावर हात आपटत म्हणाला, “आज शब्द बोलतील, उद्या कबरीवर मेंढी कापतील!” मी म्हटलं, “कापलेली मेंढी तुमच्याच दुकानात मिळते, ओड्डुर. ते कशाला स्वतः कापतील?” बाकीचे हसले आणि विषय तिथेच संपला.

फ्योर्डला वळसा घालून येणारा रस्ता हिमलोटाखाली गेलाय. वारा थांबला की शवपेटी होडीनं आणायची. तोवर हेर्मोदुर पलीकडच्या काठावर, त्याच्याच होडीघरात आहे. थंडी भरपूर आहे. त्याला काही घाई नाही.

तुमची,
राग्ना


अकुरेरी, २६ फेब्रुवारी

प्रिय राग्ना,

पत्र मिळाल्याबरोबर मी बिशपच्या कचेरीला फोन केला. तुला राग येईल. येऊ दे. पवित्र केलेल्या जमिनीत दुसऱ्या कुणाचे मंत्र चालणार नाहीत, असं ते तुला तारेनं कळवतील. म्हणजे ‘नाही’ म्हणायचं ओझं तुझ्यावर राहणार नाही. तू ओड्डुरला गप्प केलंस म्हणून खूश आहेस. पण असली माणसं बैठकीत गप्प बसतात आणि मागाहून अर्ज लिहितात.

आता त्या थोरगिल्सचं. उत्तर सुचलं नाही म्हणतेस? उत्तर रोज तुझ्या डोक्यावर, वेदीच्या भिंतीवर क्रुसावर टांगलेलं असतं. आमचा देवही मेला, हे सांग त्याला. खिळ्यांनी ठोकून मारला, आणि त्याची आई खाली उभी राहून बघत होती. फरक एवढाच की आमचा तिसऱ्या दिवशी उठला. त्या जुन्या पाळकानं हे सांगायचं सोडून भलतंच सांगितलं, हा त्याचा मूर्खपणा. ख्रिस्ताचा नव्हे.

पाय कोरडे ठेव.

तुझा,
बाबा


हेल्लाफ्योर्ड, ४ मार्च

प्रिय बाबा,

बिशपची तार आली. मला राग आला, आणि अजून आहे. ‘नाही’ म्हणायचं ओझं माझ्यावरून काढलंत खरं, पण ‘हो’ मी म्हटलं होतं. दिलेला शब्द मलाच परत घ्यायला जावं लागलं.

वारा जरा पडल्यावर मासेमाऱ्यांबरोबर तुंगाला गेले. थोरगिल्स कोकरांसाठी कठडा ठोकत होता. मी तार वाचून दाखवली. वाटलं होतं, चिडेल. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, “कबरीपाशी बोलायचं राहू द्या, बाई. तसंही ते मी साल्व्हरसाठी करणार होतो. हेर्मोदुरला कबर नकोच होती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. हिवाळी मेजवानीनंतर दोघंच गोठ्यात राहिले होते. हेर्मोदुरनं त्याला विचारलं, “मला बेर्सीकडे नेशील ना?” थोरगिल्सनं शिंगावर हात ठेवून ‘हो’ म्हटलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे बुडालेली माणसं समुद्राच्या देवीकडे, राऊनकडे जातात. तिच्या घरी जेवतात-खातात. बिछान्यात मेलेला तिथे पोचत नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं.

“म्हणजे तुम्ही पेटी समुद्रात सोडणार?”

“वजनाला लोखंड काढून ठेवलंय.”

“हा गुन्हा आहे, थोरगिल्स.”

“असेल.”

“आणि साल्व्हर?”

“तिला कळू द्यायचं नाही, असंही तो म्हणाला होता. बोटीत मी एकटाच असेन. मोठी लाट आली, दोर तुटला म्हणेन.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “खोटं बोलायचं जिवावर येतंय. पण दिलेला शब्द मोडला तर मी उरतो कोण, बाई? आमच्याकडे कबुली नाही, क्षमा नाही. शब्द आहे, तेवढाच.”

पहिल्या पत्रात मी याला नाटक म्हटलं होतं. ते खोडून टाका.

तिथून साल्व्हरकडे गेले. ती पेटीत घालायला नवऱ्याचा लोकरी गंजीफ्रॉक रफू करत होती. मी आडून आडून विचारलं, हेर्मोदुरला समुद्राची ओढ होती, नाही का? तिनं सुई थांबवली. “एक समुद्राला दिला,” म्हणाली. “मागितला नव्हता, तरी दिला. रविवारी सगळ्या बायका आपापल्या माणसांच्या दगडांवरचा बर्फ झाडतात. मी हातमोजे घालून नुसती उभी राहते. यांचा तरी दगड हवा मला.”

मी तिला काही सांगितलं नाही. थोरगिल्सनं मला विश्वासानं सांगितलंय. आणि पाण्यावर बर्फाचा चिखल असताना पेटी घेऊन येऊ शकेल अशी दणकट बोट त्याच्या एकट्याकडेच आहे. शनिवारी आणायचं ठरलंय.

काय करू? आणि या वेळी बिशपला नको, मला उत्तर द्या.

राग्ना


तार
अकुरेरी, ८ मार्च

पेटी थोरगिल्सच्या बोटीत ठेवू नकोस. तो समुद्रात सोडेल. साल्व्हरला सावध कर. बाबा


हेल्लाफ्योर्ड, १२ मार्च

प्रिय बाबा,

तुमची तार गुरुवारी दुपारी पोस्टात आली. पोस्टमास्तरीणबाईंनी ती उतरवून घेतली, म्हणजे अर्थातच वाचली. संध्याकाळपर्यंत सगळ्या फ्योर्डला पाठ होती. बिशपला लिहू नका म्हटलं, तर तुम्ही गावालाच लिहिलंत. पण मी रागावलेली नाही. आधी सगळं वाचा.

शुक्रवारी कॉफीच्या वेळी फोन वाजला. तीन लांब, एक आखूड. ही थोरगिल्सच्या घराची खूण. हो बाबा, मीही उचलला. सगळ्यांनीच उचलला. तारेवर एवढे श्वास होते की वारा सुटल्यासारखं वाटत होतं.

“थोरगिल्स,” साल्व्हरचा आवाज आला, “तू माझ्या नवऱ्याला बुडवणार आहेस असं ऐकते.”

 तो मोठ्या लाटेची आणि तुटलेल्या दोराची गोष्ट सांगेल, असं मला वाटलं.

“हो,” थोरगिल्स म्हणाला.

“त्यांनी सांगितलं होतं?”

“हो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू रडशील म्हणून.”

“नऊ वर्षं काय मी हसत होते?” ती म्हणाली. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. “शनिवारी मलाही बोटीत जागा ठेव. आणि पाळकबाईंनाही. ऐकताय ना, बाई?”

मी म्हटलं, “ऐकतेय.” दुसरं काय म्हणणार?

शनिवारी हवा स्वच्छ होती. डोंगर इतके पांढरे की बघवत नव्हतं. चौघांनी पेटी बोटीत आणून ठेवली. थोरगिल्सनं ती एकाच दोरानं बांधली आणि गाठ अशी मारली की एका झटक्यात सुटावी. ते मी पाहिलं, साल्व्हरनंही पाहिलं. पेटीजवळ ताडपत्रीखाली लोखंड होतं. साल्व्हर कुणाला न विचारता त्याच ताडपत्रीवर जाऊन बसली. थोरगिल्सनं तिला उठवलं नाही.

मी मध्ये उभी होते. खिशात प्रार्थनेचं पुस्तक. एकीकडे मेलेल्याची इच्छा, दुसरीकडे जिवंत बाईची. मी कुणाच्या बाजूनं आहे, हे मला खरंच कळत नव्हतं. चर्चचा मनोरा समोर दिसत होता. थोरगिल्सनं सुकाणू त्या बाजूला वळवलं. का, कोण जाणे. तिच्यासमोर त्याचा धीर झाला नसावा. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“तिकडे कुठे?” साल्व्हर म्हणाली. “काळ्या खडकाकडे घे.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“घे म्हणते ना. शब्द दिलायस तू.”

फ्योर्डच्या तोंडाशी पाणी जड होतं. खडकाभोवती फेस आणि त्यावर समुद्रपक्षी. जाता येईल तेवढं जवळ जाऊन थोरगिल्सनं इंजिन बंद केलं. त्यानं कोटातून बाटली काढली. शिंग आणलं नव्हतं, थर्मासचं झाकण होतं. त्यात मधाची दारू ओतली आणि पाण्यात सोडली. म्हणाला, “बेर्सी हेर्मोदुरसोन. तुझा बाप आलाय.” बस, एवढंच. ना कवन, ना देवांची नावं.

मी पुस्तकाला हात लावला होता. काढलं नाही. बाबा, मला एकही ओळ अशी आठवेना की जी त्या वाक्यानंतर म्हणावी.

मग साल्व्हर पेटीशी आली. झाकणावर हात टेकून, आपण स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत ओरडतो ना, तशा आवाजात बोलली. “बेर्सी इथे आहे. काय बोलायचं ते बोलून घ्या दोघं. नऊ वर्षं मनात साठवून ठेवलंत, मला एक अक्षर कळू दिलं नाहीत. आता बोला. मी थांबते.” आणि ती थांबली. आम्हीही थांबलो. बोट वरखाली होत होती, पेटीचं लाकूड करकरत होतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. थोरगिल्सच्या दाढीत बर्फ जमला. त्याचा हात गाठीवर होता. ती एका शब्दानं ‘हो’ म्हणाली असती, तर त्यानं ओढली असती गाठ. आणि खरं सांगते, मी त्याला अडवलं नसतं.

शेवटी साल्व्हरनं झाकणावर दोनदा थोपटलं. “झालं ना? चला आता माझ्याबरोबर.” थोरगिल्सला म्हणाली, “चालू कर इंजिन. मला थंडी वाजतेय.”

त्यानं चालू केलं.

धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. बोट भरलेली आहे की रिकामी, हे बघायला आलं होतं. पेटी दिसली तेव्हा ओड्डुरनं टोपी काढली आणि पेटीला खांदा द्यायला तोच पुढे झाला. चर्च भरलं होतं. मी प्रवचन तयार केलं होतं, ते सोडून दिलं. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईबद्दल बोलले. तुमचं उत्तर वापरलं, बाबा, आणि ते बरोबर होतं. जुन्या रीतीवाले बिशपच्या तारेचा मान राखून फाटकाबाहेर बर्फात उभे होते. कबर बुजवल्यावर साल्व्हर त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “कॉफी आणि पॅनकेक सगळ्यांना आहेत. बाहेर उभं राहून कुणाचा देव मोठा होत नाही.”

नंतर धक्क्यावर थोरगिल्स दोर गुंडाळत होता, तेव्हा मी त्याला विचारलं, “आणि तुमच्या शब्दाचं काय?”

त्यानं दोराची गुंडाळी खाली ठेवली. “बेर्सीकडे नेशील ना, असं त्यानं विचारलं होतं. नेलं. तिथेच ठेवशील ना, असं काही त्यानं विचारलं नव्हतं.” मग त्याचे डोळे भरले, आणि तो हसायलाही लागला. “चाळीस वर्षांचा संसार, बाई. आपली बायको मागून न्यायला येणार, हे त्याला ठाऊक असणारच.”

आता बिशपला काय सांगायचं ते सांगा.

तुमची,
राग्ना


अकुरेरी, २० मार्च

प्रिय राग्ना,

बिशपच्या कचेरीचा फोन काल इकडेच आला. दफनविधी चर्चच्या रीतीप्रमाणे झाला का, असं विचारत होते. मी म्हटलं, अगदी रीतीप्रमाणे. समुद्रावर काही घडलं असं कानावर आलंय, म्हणाले. मी म्हटलं, समुद्र कुठल्याच पाळकाच्या हद्दीत येत नाही, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका. त्यांनी फोन ठेवला. ओड्डुरनं अर्ज लिहिला असावा असं मला वाटत होतं, पण नाही. ओड्डुरनं अभिनंदनाचं पत्र पाठवलंय म्हणे. माणसं ओळखण्यात मी पूर्वीसारखा राहिलो नाही.

तारेबद्दल माफी मागणार नाही. तिनं काम केलं, मी ठरवलेलं नसलं तरी.

तू पुस्तक काढलं नाहीस, हे वाचून मी थांबलो. मी असतो तर काढलं असतं. मोठ्यानं वाचलं असतं, आणि छान वाचलं असतं. सगळे म्हणाले असते, पाळक प्रसंगाला धरून बोलले. आणि त्या बाईला आपल्या नवऱ्याशी बोलायला जागा उरली नसती.

तुला कधी सांगितलं नाही. तुझी आई गेली तेव्हा मंडळीसमोर मी म्हणालो, देवाची इच्छा. आवाज हलला नाही, याचं लोकांना फार कौतुक वाटलं. घरी आल्यावर वसंत येईपर्यंत मी देवाशी बोललो नाही. रविवारची प्रार्थना म्हणायचो, पण ती मंडळीसाठी. तो रुसवा कसा गेला, आता आठवतही नाही. पण आईशी मात्र त्यानंतर बोललोच नाही. पाळकानं कबरीपाशी प्रार्थनाच म्हणायची, असं मला वाटत होतं. दर रविवारी जाऊन म्हणत आलो.

काल बर्फ तुडवत गेलो. तिच्या दगडावरचा बर्फ झाडला, बाजूला बसलो आणि नुसता बोललो. मावशीच्या गुडघ्यांबद्दल. छपराबद्दल. तुझ्याबद्दल बरंच. एक-दोन गोष्टी अशाही निघाल्या की ज्यांवरून आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं, तेही पुरं केलं. राखणदार फाटक लावायला आला. “पाळकसाहेब, प्रार्थना झाली का?” म्हणून विचारलं त्यानं.

मी म्हटलं, “नाही अजून. तू जा. बोलणं चाललंय.”

तुझा,
बाबा